गोवंडीचे अंतर

मुंबईविषयीच्या मराठी लेखनात लोकलगाडी इतकी मुरलेली आहे की या शहराचे दुसरे वाहन आपल्याला चटकन सुचत नाही. कथा, कविता, ललित लेख, दिवाळी अंकांतली व्यंगचित्रे, कुठेही पाहा: मुंबईकर म्हणजे दाराच्या दांड्याला लोंबकळणारा किंवा चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस. हे चित्र खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. महासाथीच्या आधी रोज सत्तर लाखांहून अधिक माणसे उपनगरी गाड्यांतून ये-जा करीत होती. मात्र ते कितीजणांचे चित्र आहे, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण सहसा विचारत नाही. ‘महानगरीय संवेदना’ हा शब्द आपण उत्तरपत्रिकांमध्ये वर्षानुवर्षे तपासत आलो. त्या संवेदनेचा वाहक कोणत्या वाहनाने प्रवास करतो, याची चौकशी राहून गेली.

ही चौकशी भूगोलाच्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी केली आहे. २००४ च्या हिवाळ्यात जागतिक बँकेसाठी ज्यूडी बेकर, मॉरीन क्रॉपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बृहन्मुंबईतील ५,००० कुटुंबांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. कामावर जाणाऱ्या मुंबईकरांपैकी २३ टक्के प्रामुख्याने रेल्वेने जात होते, १६ टक्के बसने, आणि ४४ टक्के चालत. गरिबांमध्ये चालत जाणाऱ्यांचे प्रमाण ६३ टक्के होते. लोकलचे शहर म्हणून आपण जे वाचत आलो ते निदान त्या वर्षी तरी आकड्यांच्या हिशेबाने पायी चालणाऱ्यांचे शहर होते.

हा आकडा वाचताना एक घाई होण्याचा संभव आहे. गरीब चालतो कारण त्याला तिकीट परवडत नाही, असा सरळ अर्थ लावून आपण पुढे जातो. तो अर्धाच खरा आहे. माणूस घर निवडतो तेव्हा तो कामही निवडत असतो, आणि काम मिळाले की त्याच्या आसपास घर शोधतो. ६३ टक्के लोक चालत जातात याचा अर्थ असाही आहे की त्यांनी कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिळेल त्या जागेत, नाल्याच्या काठी, रुळांच्या कडेला किंवा पदपथावर संसार मांडला आहे. ती जागा वाईट असते, पण ती कामाजवळ असते. वाईटपणा हे तिचे भाडे आहे. अशा माणसाचे घर हलवले की त्याची फक्त भिंत आणि छप्पर बदलत नाही. त्याच्या पायांच्या आवाक्यातले काम सुटते.

हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. गिरणगाव हे पायी अंतराचेच गाव होते. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर कामगार राहत होता, पाळी संपली की चालत खोलीवर येत होता, खानावळ, तालीम, ग्रंथालय, युनियनची कचेरी हे सारे त्याच परिघात होते. नारायण सुरव्यांची कविता किंवा जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) शिकवताना आपण वर्गसंघर्ष, संप, विस्थापन यांविषयी बोलतो. त्या जगाची सारी घट्ट वीण पायाच्या अंतरावर उभी होती हे मात्र सांगायचे राहते. गिरण्या गेल्या तेव्हा ते अंतरही गेले. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना शेलू, वांगणी अशा कर्जतच्या वाटेवरच्या गावांत घरे देण्याचा बेत आला, तेव्हा ते २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर ‘घर मुंबईतच हवे’ म्हणून बसले. त्यांचा हट्ट भावनिक आहे असे काहींना वाटले. मला तो भौगोलिक वाटतो.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट विवेचन मला कोणत्याही संशोधनपत्रिकेत नव्हे, तर एका निकालपत्रात आढळले. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील आणि झोपड्यांतील लोकांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले आणि सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. याचिकाकर्त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की, आम्ही इथे राहतो कारण काम इथे आहे. लांबून यायला लागणारा वेळ आणि पैसा आमच्याकडे नाही. म्हणून इथून उठवणे म्हणजे आमची उपजीविका काढून घेणे. न्यायालयाने हे मान्य केले. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही आता प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ असलेली भूमिका त्या निकालातली.

पण निकालाचा उत्तरार्ध वेगळा आहे. हे सर्व मान्य करूनही न्यायालयाने पदपथ मोकळे करायला परवानगी दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितले. १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असणाऱ्यांना मालवणी किंवा अन्यत्र पर्यायी जागा द्याव्यात असे म्हटले, मात्र जागा दिल्याशिवाय उठवू नये अशी अट घातली नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे निकालपत्र एकदा तरी मुळातून वाचावे. एकाच संहितेत अंतराचे सत्य इतक्या सहानुभूतीने मांडून पुढच्याच पानांत ते बाजूला ठेवलेले पाहणे हा एक विलक्षण वाचनानुभव आहे. मालवणी कुठे आणि दक्षिण मुंबईतले पदपथ कुठे!

आता गोवंडीकडे येऊ. पूर्व उपनगरांतला हा भाग दूर आहे असे सर्वसाधारण मत असते. नकाशात तो दूर नाही. हार्बर मार्गावर चेंबूर आणि मानखुर्द यांच्यामधले हे स्थानक. तो दूर ‘केला’ गेला, आणि त्याला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. प्लेगच्या साथीने हादरलेल्या मुंबईने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपला कचरा देवनारच्या दलदलीत टाकायचे ठरवले. कुर्ल्याहून चेंबूरच्या दिशेने १९०६ मध्ये जो फाटा निघाला तो हा कचरा वाहण्यासाठी; माणसांसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. मानखुर्दपर्यंत प्रवासी गाडी पोचायला १९५१ साल उजाडले आणि खाडी ओलांडून वाशीला जायला १९९२. या भागात रेल्वे आधी शहराने टाकून दिलेल्या वस्तू घेऊन आली, माणसे नंतर. रूपक म्हणून हे कोणी कादंबरीत लिहिले असते तर आपण त्याला भडक म्हटले असते.

पाठोपाठ माणसांनाही त्याच दिशेने धाडण्यात आले. शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या वस्त्या सत्तरच्या दशकात शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या लोकांसाठी महापालिकेने आखल्या. त्यांच्या सरळ, एकसारख्या गल्ल्या आजही त्याची साक्ष देतात. देवनारचा कत्तलखाना १९७१ पासूनचा. आणीबाणीत, १७ मे १९७६ रोजी, भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पाडून सुमारे सत्तर हजार लोकांना चीता कॅम्पात हलवले. त्या वस्तीसाठी लढणारे जोकिन अर्पुथम पुढे झोपडपट्टीवासीयांच्या चळवळीचे जगभर परिचित नेते झाले. मुंबई मानव विकास अहवाल २००९ मध्ये महापालिकेच्या २४ विभागांत ‘एम पूर्व’ विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-ट्रॉम्बेचा हा पट्टा, शेवटच्या क्रमांकावर आला, यात नवल ते काय?

यातला सर्वांत बोचरा अध्याय दस्तुरखुद्द वाहतुकीचा आहे. २००२ मध्ये जागतिक बँकेने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला कर्ज मंजूर केले. रूळ वाढवायचे, गाड्या लांब करायच्या, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते बांधायचे. त्यासाठी रुळांकाठची आणि रस्त्यांवरची सुमारे एक लाख माणसे हलवावी लागली. त्यांतली पुष्कळशी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये, वाशी नाक्याच्या इमारतींत आणली गेली. इमारती पक्क्या होत्या, घराला दार आणि नावाचा कागद होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात रुळांकडेला राहिलेल्या बाईला त्याची किंमत विचारावी. पण रहिवासी आणि दुकानदार यांच्या तक्रारी २००४ पासून बँकेच्या निरीक्षण समितीकडे गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने थांबवलेही. शहराचा प्रवास जलद व्हावा म्हणून ज्यांना उठवले त्यांचाच प्रवास लांबला, हे या प्रकल्पाच्या जमाखर्चात कोणत्या रकान्यात लिहायचे?

इथे टोर्स्टेन हेगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलज्ञाची आठवण करायला हवी. १९७० मध्ये त्याने आपल्या सहाध्यायींना एक साधा प्रश्न विचारला: तुमच्या प्रादेशिक अभ्यासांत माणसे कुठे आहेत? त्याचे म्हणणे असे की माणसाचा दिवस ही अवकाशात आणि काळात ओढलेली एक रेघ आहे, आणि ती रेघ तीन प्रकारच्या बंधनांत अडकलेली असते. पहिले शरीराचे बंधन: झोपावे लागते, खावे लागते, पायांना मर्यादा असते. दुसरे जुळणीचे: दुसरी माणसे, वस्तू, सोयी ज्या वेळी ज्या जागी असतील तिथे तेव्हाच हजर व्हावे लागते. तिसरे अधिकाराचे: कुठे कधी शिरता येईल हे दुसरा कोणी ठरवतो. या तिन्हींतून जे उरते तेवढेच माणसाचे जग. नकाशावर शेजारी असलेले रुग्णालय या उरलेल्या जगाबाहेर असू शकते.

शिवाजीनगरातल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या सकाळीवर हे लावून पाहा. माझ्या वर्गात गेल्या काही वर्षांत अशा मुली येऊन गेल्या आहेत, म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो. घरातून निघण्याची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवते. पाणी भरून झाले की स्थानकापर्यंत शेअर रिक्षा. ती भरेपर्यंत सुटत नाही. चालायचे तर कचराभूमीच्या पायथ्याकडच्या रफीनगरहून अर्ध्या तासाहून कमी लागत नाही, आणि वाटेत घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता आडवा येतो. मग हार्बरची गाडी, कुर्ल्याला बदल. संध्याकाळी याच्या उलट, त्यात अंधाराची भर. आणि अंधारानंतर बाहेर राहायचे नाही हा घरचा दंडक म्हणजे हेगरस्ट्रँडचे तिसरे बंधन. दुपारी तीननंतरच्या व्याख्यानाला, ग्रंथालयाच्या संध्याकाळच्या तासांना किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला होणाऱ्या चर्चासत्राला तिने यावे असे आपण म्हणतो तेव्हा ती ‘रस घेत नाही’ असा शेरा मारायला आपण मोकळे असतो. आजाराचेही असेच. गोवंडीत शताब्दी रुग्णालय आहे, पण प्रकरण गुंतागुंतीचे झाले की घाटकोपरचे राजावाडी किंवा शीव गाठावे लागते. आजाऱ्याबरोबर जाणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच.

वाहतुकीच्या पाहण्यांची एक मोठी उणीव इथे जाणवते. त्या केलेला प्रवास मोजतात. न केलेला प्रवास मोजायचा कसा? कामाचे अंतर आणि साधन यांची नोंद २०११ च्या जनगणनेने केली, ही मोठीच गोष्ट. पण ती ‘इतर कामगारां’पुरती होती. शेती आणि घरगुती उद्योग त्याबाहेर राहिले. गोवंडीच्या गल्ल्यांतून घरी बसून जरीचे, टिकल्यांचे, मण्यांचे काम नगावर करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्यापैकी कितीजणी आवडीने घरी बसल्या आणि कितीजणींना घराबाहेरचे काम पायांच्या व वेळेच्या आवाक्यात मिळाले नाही, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. ‘घरबसल्या उत्पन्न’ असे आपण कौतुकाने म्हणतो.

या काळात रस्ते मात्र आले. दक्षिण मुंबईहून निघणारा पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर, म्हणजे गोवंडीच्या उंबऱ्याशी, येऊन उतरला. त्यावर रिक्षाला आणि दुचाकीला मज्जाव आहे, पादचाऱ्याचा तर प्रश्नच नाही. उपनगरांत ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांची हीच तीन साधने असतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच जोडरस्त्यावर उड्डाणपूल खुला झाला. त्याला कोणाचे नाव द्यावे यावर आधी बरेच वादंग झाले. खालून रस्ता ओलांडणारी मुले कुठून ओलांडतील यावर त्याच्या शतांशही शाई खर्च झाल्याचे मला आठवत नाही. मेट्रो २ब चा या भागातला मार्ग वि. ना. पुरव मार्गावरून, रुळांच्या दक्षिणेकडून जातो, बैंगनवाडी उत्तरेला. जोडरस्ता हा शब्दही गमतीचा आहे. घाटकोपरला मानखुर्दशी जोडणारा हा रस्ता शिवाजीनगरला गोवंडी स्थानकापासून तोडतो.

दुसरीकडे, गरिबाच्या पायांना जोड देणारी बस आटत गेली. बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२४-२५ पर्यंत तो आकडा तीन हजारांच्या खाली आला. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा गर्दी परत येऊ लागली होती. मे २०२५ मध्ये ते दहा झाले. पाचाचे दहा होणे ज्याला किरकोळ वाटते त्याने घरटी दोन माणसे, दोन फेऱ्या आणि पंचवीस दिवस असा गुणाकार करून पाहावा: महिन्याला पाचशे रुपये जादा. तमिळनाडूने २०२१ मध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये साध्या बसमधून बायकांना मोफत प्रवास दिला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एसटीत निम्मे भाडे केले; पण मुंबईत रोजची ये-जा एसटीने होत नाही, बेस्टने होते.

मला वाटते, घोटाळा शब्दापासूनच आहे. ‘वाहतूक’ हा शब्द वाहण्यावरून आला. त्यात वाहून नेणारे केंद्रस्थानी असते, जाणारा नव्हे. म्हणून वाहतूक सुधारली का, याचे उत्तर वाहन किती वेगाने गेले यात शोधले जाते. भूगोलाचे अभ्यासक गेली काही दशके वेगळाच मापदंड वापरा म्हणून सांगत आहेत. त्याला मराठीत ‘पोच’ म्हणावे: ठरावीक वेळात, ठरावीक खर्चात, माणूस आपल्या दारातून निघून किती कामांपर्यंत, किती शाळांपर्यंत, कोणत्या दवाखान्यापर्यंत जाऊन परत येऊ शकतो. आपल्याकडे पोच म्हणजे पावतीही. अर्ज दिला, पोच घेतली, असे आपण म्हणतो. गोवंडीला गेली शंभर वर्षे शहराकडून सर्व काही मिळाले: कचरा, कत्तलखाना, विस्थापित, आणि डोक्यावरून जाणारे पूल. पोच तेवढी कोणी दिली नाही.

हे सारे जुने उगाळणे आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने देवनार कचराभूमीतील १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी द्यायचे ठरवले, आणि २०२५ मध्ये महापालिकेने तिथला जुना कचरा हटवण्यासाठी २,३६८ कोटींची निविदा काढली. कचऱ्याच्या डोंगरावर माणसे राहू शकतील का, ती हवा, ते पाणी, तो वायू, याविषयी लिहिले गेले आहे आणि ते आवश्यकच आहे. समजा, डोंगर पूर्ण हटला, जमीन शुद्ध झाली, इमारतीही उत्तम झाल्या. तरीही अंतराचा प्रश्न उरतोच. धारावी शीव, माहीम आणि माटुंगा या स्थानकांच्या मध्ये आहे. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्ग तिच्या पायांच्या आवाक्यात आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चामडे, कुंभारकाम, शिलाई, भंगार, खाद्यपदार्थ हे तिथले उद्योग माळ्यावर राहणे आणि तळमजल्यावर काम करणे या अंतरावर चालतात. धारावीहून देवनार सरळ रेषेत जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. नकाशावर बोट ठेवणाऱ्याला ते जवळच वाटणार. माळ्यावरच्या भाडेकरू कारागिराला, ज्याचे काम आज जिन्याच्या अंतरावर आहे, ते किती असेल याचा हिशेब अद्याप मांडायचा आहे. आणि तो मांडताना गोवंडीच्या सध्याच्या रहिवाशांना वगळून चालणार नाही; त्याच शेअर रिक्षा, त्याच बस, तेच स्थानक, तेच शताब्दी रुग्णालय आणखी हजारो कुटुंबांत वाटून घ्यायचे आहे.

पुनर्वसन कुठेच होऊ नये असे माझे म्हणणे नाही. तशी भूमिका घेणाऱ्यांना रुळांकडेच्या झोपडीत राहावे लागत नाही. मागणी एवढीच आहे की कोणतेही कुटुंब हलवण्याआधी त्याच्या जुन्या आणि नव्या दारापासूनची पोच मोजावी आणि ती जाहीर करावी: सकाळी सहाला निघून, रोजच्या मजुरीच्या अमुक हिश्शाहून जास्त खर्च न करता, तासाभरात कुठे जाता येते; रात्री दहाला आजारी मूल घेऊन कुठे; आठवीतल्या मुलीला एकटीने चालत कुठे. नवी पोच जुनीहून कमी भरली तर आधी बस आणि मग बुलडोझर. एफएसआय आणि टीडीआर यांचे गणित शेवटच्या चौरस फुटापर्यंत मांडणाऱ्या शहराला हा हिशेब अवघड नाही. त्यासाठी परदेशी सल्लागारही नकोत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून याच विभागात, देवनारला आहे, आणि २०११ मध्ये तिने ‘एम वॉर्ड प्रकल्प’ हाती घेतला होता. तिथून बैंगनवाडीला चालत जाता येते. वाटेत रूळ, कत्तलखाना आणि जोडरस्ता लागतो.